कृती छापलीत, लिक्विडचं राहिलंच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी अॅक्रेलिक नेल्स, म्हणजे पावडर आणि लिक्विड मिसळून नखांवर चढवायची नकली नखं, कसे लावायचे यावर अर्धं पान आलं होतं, सामानाची यादी, सात स्टेप्स आणि तीन फोटो. त्याच्या पुढच्या रविवारी एका काकांचं पत्र आलं की हे सगळे नखांचे चोचले आहेत, आमच्या काळी बायका मेंदी लावायच्या आणि गप घरातली कामं करायच्या, पेपरने असल्या गोष्टींना जागा देऊ नये. दोन्ही कात्रणं मी जपून ठेवलीत. काकांशी माझं भांडण लहान आहे, पुरवणीशी मोठं आहे, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण लिक्विडचा भाग तेवढा कापू नका.

मी डोंबिवली पूर्वेला राहते, घरातल्याच एका खोलीत नेल्सचं काम करते, या दिवाळीला दहा वर्षं होतील. लग्नसराईत दिवसाला तीन-तीन फुल सेट, एरवी रिफिल (नख वाढल्यावर मुळाशी भर घालणं) आणि रिमूव्हल (काढणं). त्यामुळे मी अॅक्रेलिकच्या विरोधात लिहितेय असं कोणी समजू नका, माझ्या मुलीची क्लासची फी त्यातनंच जाते. उलट तुमच्या लेखामुळे मला दोन नवीन क्लायंट मिळाल्या. दोघीही घरी प्रयोग करून नखं बिघडवून आलेल्या.

त्यातली एक इंजिनिअरिंगची मुलगी. ऑनलाइन ६९९ रुपयांचं किट मागवलेलं, त्यात पावडर, लिक्विड, ब्रश, टिप्स (नखाला चिकटवायची प्लास्टिकची टोकं), फाइल सगळं. तिने टेबलावर हात ठेवला आणि मी दिवा जवळ ओढला. चार नखांवर पांढरे पापुद्रे सुटलेले, अनामिकेच्या नखावर अर्ध्या चंद्रासारखी लाल खाच, टोकाला हलकं दाबलं तर नख पानाच्या देठासारखं वाकत होतं. नखांच्या मुळाशी कडेकडेने बारीक पुरळ आणि खाज. गरम चहाचा कप धरवत नाही म्हणाली. आणि मग म्हणाली, "ताई, मी तर पेपरात दिलंय तस्संच केलं." आणि खरंच तिने तसंच केलं होतं हो. तुमच्या दुसऱ्या स्टेपमध्ये लिहिलं होतं नख खरबरीत होईपर्यंत घासा, तिने घासलं. सातवीत लिहिलं होतं की काढायचं असेल तर पुशर, म्हणजे चपट्या टोकाची काडी, खाली सरकवून अलगद उचला, तिने उचललं, फक्त ते अलगद काही उचललं गेलं नाही, नखाचे थर घेऊन वर आलं.

पण माझा खरा राग यादीतल्या एका ओळीवर आहे. ब्रशचा नंबर दिलात, फाइलचा ग्रिट दिलात, ग्लिटर कुठलं घ्यावं तेही दिलंत आणि लिक्विडपुढे लिहिलंत "कोणतेही चालेल".

कोणतंही नाही चालत. या कामात बाकी काहीही चालेल एक वेळ, महागडा ब्रश नसेल तरी चालेल, ड्रिल मशीन नसेल तर हाताने फाइल करता येतं, पण लिक्विड नाही. आम्ही ज्याला टेक्निक टेक्निक म्हणतो ना, ते जवळजवळ सगळं लिक्विड ताब्यात ठेवायचंच टेक्निक आहे.

आता थोडं समजावून सांगते, कंटाळू नका. पावडर म्हणजे आधीच तयार झालेलं प्लास्टिक, बारीक कण. लिक्विड म्हणजे प्लास्टिक व्हायचं बाकी असलेला माल, त्याला मोनोमर म्हणतात. पावडरीत बेन्झॉइल पेरॉक्साइड थोडंसं घातलेलं असतं आणि लिक्विडमध्ये त्याला चेतवणारं दुसरं एक केमिकल, दोन्ही ब्रशवर भेटले की रिअॅक्शन सुरू, सुटे सुटे रेणू एकमेकांना हात धरून साखळ्या करतात, थोडी उष्णता सुटते आणि काही मिनिटांत नखावर ब्रशची दांडी आपटली की टक टक आवाज येतो. आवाज आला म्हणजे फाइल करता येतं इतकंच, आतलं काम पूर्ण व्हायला पुढे एक-दोन दिवस लागतात. साखळीत गेलेला मोनोमर सहसा काही त्रास देत नाही. त्रास देतो तो साखळीबाहेर राहिलेला, कातडीवर सांडलेला, ओलाच राहिलेला. त्या मुलीच्या पुरळाचं कारण तेच होतं.

आणि मोनोमर एकाच जातीचा नसतो. चांगल्या लिक्विडमध्ये इथाइल मेथाक्रिलेट असतं, आम्ही ईएमए म्हणतो. स्वस्तातल्या, बिनलेबलच्या बाटल्यांमध्ये बरेचदा मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे एमएमए. दिसायला दोन्ही पाण्यासारखी, नावात एका अक्षराचा फरक, आणि बोटावर जमीन-अस्मानाचा.

हे मला कोर्समध्ये कोणी शिकवलं नव्हतं. पाच दिवसांचा कोर्स, शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट आणि फोटो, त्यात लिक्विडला सगळे लिक्विडच म्हणायचे. मीही पहिली दीड वर्षं मुंबईतल्या एका होलसेल दुकानातून मोठ्या कॅनमधून भरून दिलेलं लिक्विड वापरलं, १८० रुपयांत १०० मिली, लेबल म्हणजे दुकानदाराने पेनाने लिहिलेलं "नेल". कामाला मस्त वाटायचं खरं सांगते, पटकन सेट व्हायचं, दगडासारखं कडक, क्लायंट खूश की ताई तुमचे नेल्स तुटतच नाहीत. तोच तर प्रॉब्लेम होता. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंचं नख लिफ्टच्या जाळीच्या दारात अडकलं. अॅक्रेलिक तुटलं नाही, एक तडासुद्धा गेला नाही. त्यांचं स्वतःचं नख मुळापासून अर्धं उचकटलं, रक्ताने रुमाल भिजलेला घेऊन त्या माझ्या दारात उभ्या. मी तेव्हा मनाशी म्हटलं अॅक्सिडेंट आहे, माझा काय दोष.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी सासूबाईंची कवळी पडून तडकली म्हणून त्यांना डेंटिस्टकडे घेऊन गेले. तिथे मागच्या बाजूला एक पोरगा कवळी जोडत बसलेला, छोट्या वाटीत गुलाबी पावडर घेतली, बाटलीतनं थेंब थेंब लिक्विड घातलं, आणि तो वास आला ना, मी जागच्या जागी थांबले. माझ्या खोलीतला वास होता तो! तोच झणझणीत, नाकाच्या वरच्या टोकाला बसणारा. मी त्याला विचारलं हे काय आहे, त्याने बाटली फिरवून दाखवली, बारीक अक्षरात मिथाइल मेथाक्रिलेट. घरी येऊन माझ्या बाटलीतलं थोडंसं एका जुन्या टिपवर पावडरीबरोबर लावलं, सुकू दिलं आणि दुसऱ्या दिवशी अॅसिटोनमध्ये टाकलं. ईएमए असतं तर अर्ध्या तासात ओल्या साबणासारखं गळायला लागतं. हे दीड तासाने टिप वितळून गेली तरी वरचा थर तसाच, चमच्याने ठोकला तर वाजतोय.

काही जण म्हणतील, कवळीत चालतं तर बोटाला का नको? गुडघा बदलतात तेव्हा हाडाला सांधा पक्का करायचं सिमेंट असतं ते पण याच घराण्यातलं आहे. बरोबर आहे. पण कवळी तोंडाबाहेर तयार होते, घट्ट झाल्यावर तोंडात जाते, आणि सिमेंट सर्जन आयुष्यात एकदा भरतो. नख रोज वाढतं, रोज वाकतं, रोज कुठेतरी आपटतं. त्याच्यावर त्याच्याइतकंच थोडंफार लवचीक काहीतरी पाहिजे, जे गरज पडली तर आधी स्वतः तुटेल. एमएमए तसं नाही, शिवाय ते नीट धरावं म्हणून नख जास्त घासावं लागतं, काढताना विरघळत नाही म्हणून परत घासावं लागतं, म्हणजे दोन्हीकडून मार नखालाच. अमेरिकेत हे फार पूर्वी कळलंय. तिथे अॅक्रेलिक नखांची सुरुवातच एका डेंटिस्टने केली असं सांगतात, फ्रेडरिक स्लॅक, १९५४ च्या सुमाराला स्वतःचं नख तुटलं म्हणून दाताचं अॅक्रेलिक आणि अॅल्युमिनियम फॉइल घेऊन बसला. पुढे सत्तरच्या दशकात नखं खराब झाल्याच्या, कातडी सुजल्याच्या तक्रारी आल्यावर तिथल्या एफडीएने कोर्टात जाऊन शंभर टक्के एमएमए असलेली नेल लिक्विड्स बाजारातून काढायला लावली. तिथेही देशभर सरसकट बंदीचा नियम नाही, बऱ्याच राज्यांनी मात्र आपापली बंदी घातलीय. म्हणजे पन्नास वर्षं झाली, आणि आपल्याकडे अजून "कोणतेही चालेल".

ओळखायचं कसं तर, बाटलीवर इनग्रेडियंट्स वाचा, इथाइल मेथाक्रिलेट लिहिलेलं हवं. काहीच लिहिलेलं नसेल तर घेऊच नका, किती का स्वस्त असेना. आपल्याकडे कॉस्मेटिक्सचे २०२० चे नियम आहेत, त्यात बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, एक्स्पायरी, हे सगळं लेबलवर लागतं, आणि बाहेरच्या देशातून आलेला माल असेल तर रजिस्ट्रेशनचा नंबर पण. पेनाने लिहिलेलं "नेल" यात कुठेच बसत नाही. माझी आताची बाटली १४०० ला येते, तेवढ्याच १०० मिलीला, आणि मी फुल सेटचे १८०० घेते, तर परवडतं, कारण दहा नखांना लिक्विड लागतं किती, डॅपन डिशमध्ये, म्हणजे लिक्विडच्या छोट्या वाटीत, बोटभर सुद्धा नाही. आणि एक गैरसमज, वास आला म्हणजे एमएमए असं नाही, ईएमएलाही वास असतो चांगलाच. वास नाही म्हणजे बिनधोक, हेही खरं नाही. "ओडरलेस" लिक्विड म्हणून जे मिळतं त्यात बरेचदा हेमा नावाचं केमिकल असतं, वास कमी पण कातडीच्या अॅलर्जीला फार खोडकर. युरोपात हेमावाली नेल प्रॉडक्ट्स २०२१ पासून फक्त प्रोफेशनल वापरासाठी, घरी नाही, असा नियम आहे. आणि त्या मुलीच्या किटमधलं लिक्विड नेमकं "नो स्मेल" होतं.

अॅलर्जीवर मी इतकी का बोलतेय तर मला स्वतःला झाली म्हणून. चांगलं लिक्विड वापरायला लागल्यानंतर झाली, हे अजून वाईट. सवय अशी होती की ब्रश लिक्विडमध्ये बुडवला की केस फिसकटायचे, मग मी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून टोक काढायची. दिवसातनं शंभर वेळा. शिवाय ब्रश पुसायचा टिश्यू डाव्या मनगटाखाली, त्याच्यावर हात टेकवून काम. पाचव्या वर्षी त्या दोन बोटांची टोकं सोलायला लागली, लसूण सोलताना डोळ्यांतून पाणी यायचं, मग मनगटाच्या आतल्या बाजूला बरोबर टिश्यूच्या आकाराचा चट्टा. आधी मी भांड्याच्या साबणाला दोष दिला, हल्ली सगळ्याच बायका देतात. स्किनच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून टेस्ट केली, दोन दिवस पट्ट्या, अंघोळ बंद, ऐन मे महिन्यात, त्यात मेथाक्रिलेटचे डाग लाल. त्यांनी सांगितलं ही अॅलर्जी एकदा झाली की बहुतेक जन्माची, आणि दातांचं काही करायला गेलीस तर आधी सांग, कारण तिथेही हीच मंडळी असतात. बघा, परत डेंटिस्टच. २०१२ साली अमेरिकेतल्या त्वचा-अॅलर्जीवाल्या डॉक्टरांच्या संघटनेने अॅक्रिलेट्सना त्या वर्षीचा अॅलर्जन म्हणून निवडलं होतं हे मला नंतर कळलं. ग्लोव्ह्ज घालतेच आता, पण साधे लेटेक्सचे ग्लोव्ह्ज याला दारच उघडून देतात, नायट्राइलचे बरे, तेही काही मिनिटांत झिरपतात, म्हणून दोन घालायचे आणि लिक्विड लागलं की लगेच बदलायचे. मुख्य म्हणजे लागूच द्यायचं नाही.

हे "लागूच द्यायचं नाही" कसं, ते तुमच्या सात स्टेप्समध्ये कुठेच नव्हतं, म्हणून माझ्या पद्धतीने लिहिते.

ब्रश कोलिन्स्कीच्या (मुंगसासारखा एक प्राणी) केसाचा, आठ किंवा दहा नंबर, नवीन असाल तर आठच, कारण मोठा ब्रश लिक्विड जास्त पितो. ब्रश डॅपन डिशमध्ये पूर्ण बुडवा, तळाला हलकं दाबा म्हणजे आतली हवा निघते, मग डिशच्या काठावर एक बाजू पुसा. नवशिक्या मुली इथेच चुकतात, पुसतच नाहीत. मग ब्रशचं फक्त टोक पावडरीत टेकवून छोटी रेघ ओढा, टोकाला मणी तयार होतो, आम्ही बीड म्हणतो. तो दोन-तीन सेकंद तसाच धरा. पावडरने लिक्विड पिऊन घेतलं की वरून चकाकतो पण ओघळत नाही, ब्रश उलटा केला तरी पडत नाही. वर पांढरे कोरडे कण दिसले तर लिक्विड कमी, आणि ब्रशच्या मुळाकडे थेंब सरकायला लागला तर जास्त. पुस्तकात प्रमाण देतात, पावडरच्या एका भागाला लिक्विडचा एक म्हणजे कोरडा, दीड म्हणजे मध्यम, दोन म्हणजे ओला. पण भाकरीला पाणी किती हे कधी कोणी वाटीने सांगितलंय का, ते पिठाला हात लागल्यावर कळतं, तसंच आहे. फरक एवढाच की भाकरीचं पीठ सैल झालं तर फार तर भाकरी तुटते, इथे बीड सैल झाला तर लिक्विड क्युटिकलमध्ये, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीत, पळतं.

बीड ठेवताना पहिला नखाच्या टोकाला, दुसरा मध्ये, आणि तिसरा सगळ्यात लहान तो मुळाशी. मुळाशी कातडीपासून केसाएवढी, म्हणजे साधारण एक मिलिमीटर, जागा सोडायचीच सोडायची. तुमच्या दुसऱ्या फोटोत बाईंच्या क्युटिकलवर सरळ अॅक्रेलिक चढलेलं दिसतंय, ते "परफेक्ट फिनिश" नाहीये, तिथूनच पुढच्या आठवड्यात लिफ्टिंग, म्हणजे अॅक्रेलिक सुटणं, सुरू होणार. ब्रशने रंगवायचं नसतं, ब्रशच्या पोटाने थोपटायचं आणि दाबून पुढे न्यायचं. कातडीला लागलंच तर सुकायच्या आत ऑरेंज स्टिकने, म्हणजे नखांच्या लाकडी काडीने, काढा, ओल्या ब्रशने पुसू नका, पुसणं म्हणजे अजून लिक्विड. मधला बीड थोडा उंच राहिला पाहिजे, नखाचा जो ताण येणारा भाग असतो तिथे, बाजूने बघितलं की मांडवाच्या कमानीसारखा हलका उंचवटा दिसतो, त्याला अपेक्स म्हणतात. नवीन मुली सगळीकडे सारखा थर देतात आणि मग नख तिथेच मोडतं. पूर्ण जाड केलं की मजबूत असं नसतं, टोकाला पातळच हवं.

पूर्वतयारीचं तुमचं "खरबरीत होईपर्यंत" कृपा करून मागे घ्या. आपलं नख सगळं मिळून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. १८० च्या फाइलने फक्त चकाकी घालवायची, दोन-तीन हलके हात, बास. खरी पकड घासण्याने येत नाही, स्वच्छतेने येते. नखाला चिकटलेली पारदर्शक मेलेली साल असते ती पुशरने काढायची, जिवंत क्युटिकल निपरने (छोट्या कातरीने) कापायची नाही, मग धूळ झटकायची, डिहायड्रेटर (नखावरचा ओलावा काढणारं द्रव) लावायचा आणि त्यानंतर त्या नखाला बोट लावायचं नाही, क्लायंटने केस मागे सारले तरी परत पहिल्यापासून. मग प्रायमर, अॅक्रेलिक धरून ठेवायला. अॅसिडवाला प्रायमर असेल तर नखाच्या मधोमध एक ठिपका, तो आपोआप पसरतो आणि खडूसारखा पांढरा सुकतो. ब्रशभर लावलात तर कडेच्या कातडीला भाजतं, आणि लहान मुलं घरात असतील तर ही बाटली औषधांच्या कपाटाच्याही वर ठेवा. मेथाक्रिलिक अॅसिड असतं त्यात, अमेरिकेत मुलांना भाजल्यावर १९९९ मध्ये याच्या बाटल्यांना मुलांना उघडता येणार नाही असं झाकण सक्तीचं केलं.

टिप लावताना ग्लूचा एक अनुभव, कापसाने ग्लू पुसायला जाऊ नका, कापूस आणि तो ग्लू एकत्र आले की चटका बसेल इतकं तापतं, माझ्या गाऊनला भोक पडलंय.

हवामानाचं तर कोणी बोलतच नाही, सगळे व्हिडिओ बाहेरच्या देशातले. नाशिकची माझी मैत्रीण जानेवारीत सकाळी काम करायला बसली की नखावर अॅक्रेलिकमध्ये साखरेसारखे स्फटिक दिसायचे, तिला वाटायचं पावडर खराब आहे. पावडर नाही, थंडी. क्लायंटचे हात गार, टेबल गार, लिक्विड गार. दिवा जवळ घेतला, क्लायंटच्या हातात कोमट पाण्याची बाटली दिली की संपलं. आणि मे महिन्यात उलट, बीड ब्रशवरच घट्ट व्हायला लागतो, मग मुली काय करतात, तर अजून लिक्विड घेतात. फिरून तिथेच. त्यापेक्षा बीड छोटे घ्या, पंखा थेट हातावर सोडू नका, खोली पंचवीसच्या आत ठेवा. आणि एका कंपनीची पावडर, दुसरीचं लिक्विड हे पण नको, पेरॉक्साइडचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं, वरून कडक आतून कच्चं राहतं.

वासाबद्दल. डॅपन डिशला झाकण पाहिजे, कचऱ्याच्या डब्याला झाकण पाहिजे, भिजलेले टिश्यू उघडे टाकायचे नाहीत. साध्या मास्कने धूळ थोडीफार अडते, एन-९५ ने बरीच, पण वाफ दोन्हींनी नाही अडत. मी खिडकीत एक्झॉस्ट बसवला आणि टेबलावर धूळ ओढणारा छोटा फॅन. आणि देवघर! आमच्याकडे त्याच खोलीच्या भिंतीवर देव होते, संध्याकाळी सासूबाई दिवा-उदबत्ती लावायच्या आणि मी शेजारी अॅसिटोनची बाटली उघडी ठेवून बसलेली. हे लिक्विड काय, अॅसिटोन काय, दोन्ही भडकणारे पदार्थ. आता देव हॉलमध्ये आहेत, सासूबाई आठवडाभर बोलल्या नव्हत्या त्यावरून.

ड्रिल मशीनला तुमच्या लेखात व्हिलन केलंय, ते मला पटलं नाही. लाल खाच मशीनने पडते तशी हाताच्या फाइलनेही पडते, त्या मुलीकडे मशीन कुठे होती? बिट (मशीनचं फिरणारं टोक) सपाट धरली, स्पीड दहा-बारा हजारावर ठेवला, एका जागी थांबलात नाही आणि फक्त अॅक्रेलिकवर चालवली, खालच्या नखाला टेकवलीच नाही, तर काही होत नाही. क्लायंटने "गरम लागतंय" म्हटलं की थांबायचं, "थोडं सहन करा हं" म्हणायचं नाही.

आता काका. काका, तुम्ही चोचले म्हणालात, ठीक आहे, चोचले तर चोचले, लग्नात आठशे माणसांचं जेवण हा पण चोचलाच आहे. पण या टेबलाच्या दोन बाजू असतात. क्लायंट तीन आठवड्यांनी दोन तास येते, समोरची मुलगी दिवसाला आठ तास त्या वाफेवर बसते. अमेरिकेत आज नेल सलॉन म्हटलं की व्हिएतनामी बाया, त्याची सुरुवात १९७५ मध्ये झाली, सॅक्रामेंटोजवळच्या निर्वासित छावणीत हॉलिवूडची नटी टिपी हेड्रन गेली होती, तिथल्या बायकांना तिची नखं आवडली, तर तिने आपल्या मॅनिक्युअरवालीला आणून वीस जणींना काम शिकवलं. घरदार सोडून आलेल्या बायका, भाषा येत नाही, त्यांनी यावर पोरं मोठी केली. माझ्याकडे शिकायला येतात त्या पण कोणी हौशी नाहीत. एकीचा नवरा रिक्षा चालवतो, एकीची नोकरी लॉकडाऊनमध्ये गेली ती गेलीच. त्यांना पहिला प्रश्न मी विचारते, लिक्विड कुठून घेणार. दहापैकी सात जणी म्हणतात, ताई जिथे स्वस्त मिळेल तिथून. त्यामुळे पेपरने जागा देऊ नये हे काही मला पटत नाही, जागा द्या, पण नीट द्या.

संपादक साहेब, सातव्या स्टेपची दुरुस्ती मात्र येत्या रविवारी छापाच, चार ओळींचंच काम आहे. वरचा चकाकीचा थर फाइलने काढायचा, अॅसिटोनमध्ये कापूस भिजवून नखावर ठेवायचा, आजूबाजूच्या कातडीला आधी व्हॅसलिन, वरून फॉइल गुंडाळायची, पंचवीस-तीस मिनिटं थांबायचं, सुटलं नसेल तर परत गुंडाळायचं. पुशरला जोर लावायचा नाही. आणि तासाभरानेही सुटत नसेल तर ते एमएमए असायची दाट शक्यता, मग घरी खटपट करू नका, कोणाकडे तरी जा जी सावकाश वरून फाइल करत आणेल आणि शेवटचा पातळ थर नखाबरोबर वाढून जाऊ देईल. नख महिन्याला तीन मिलिमीटर वाढतं, पूर्ण नवीन यायला पाच-सहा महिने. त्या मुलीला मी हेच सांगितलं. पैसे घेतले नाहीत, क्युटिकल ऑइल दिलं, पुरळासाठी स्किनच्या डॉक्टरकडे जा म्हटलं आणि किटमधली लिक्विडची बाटली ठेवून घेतली. ती माझ्याकडेच आहे, लेबलवर फुलाचं चित्र आणि "नेल लिक्विड, प्रीमियम क्वालिटी" एवढंच. हवी असेल तर फोटो पाठवते, तुमच्या पुढच्या लेखाला लावा.

आपली,
एक नेल आर्टिस्ट आणि रोजची वाचक,
डोंबिवली (पू.)